स्वारातीम: लढाईला नाही म्हणणारा संन्यासी

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा नांदेड-लातूर बसमध्ये लोह्याच्या पुढं ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' मी बरेच काढलेत. सगळे काढले असते तर तुम्हीच म्हणाला असता की हा आपला गडी नाही.

मी विष्णुपुरीत चार वर्षं काढली. इंजिनिअरिंगची. ज्यांना विष्णुपुरी माहीत नाही त्यांना सांगतो: नांदेड शहरातून लातूर रोडला लागलं, गोदावरी ओलांडली की थोड्या वेळात हा भाग येतो. गोदावरीवरचा बंधारा आणि तिथली उपसा सिंचन योजना, आमचं एसजीजीएस कॉलेज, शंकरराव चव्हाणांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज, आणि विद्यापीठ. ऑटोवाला विचारणार, "कुठं? विद्यापीठ का?" आपण म्हणणार, "नाही, एसजीजीएस." चार वर्षं झाला संवाद एवढाच.

त्या विद्यापीठाचं पूर्ण नाव स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पण पूर्ण नाव कोण घेतो? पेपरात छापून येतं 'स्वारातीम'. 'स्वारातीम विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलल्या.' तिकडं अंबाजोगाईला सरकारी दवाखाना आणि मेडिकल कॉलेजही त्यांच्याच नावाचं, त्याचं झालं 'स्वाराती'. म्हणजे एक अख्खा माणूस, निजामाच्या तुरुंगात पुन्हा पुन्हा जाऊन आलेला, आपण त्याचं चार अक्षरांचं शॉर्टकट करून टाकलं. मला वाटायचं हे कोणी धार्मिक बाबा असतील. नावात स्वामी, पुढं तीर्थ. खरं सांगतो, लाज वाटते, पण थर्ड इयरपर्यंत मला असंच वाटत होतं.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेल आला. त्याचा प्रश्न असा: इंग्लंड-अमेरिकेत महायुद्धाच्या काळात बंदूक हातात घ्यायला नकार देऊन तुरुंगात गेलेले समाजवादी कार्यकर्ते होते, 'कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर' म्हणतात त्यांना. असं कोणी आपल्याकडं, मराठवाड्यात होतं का? मी आधी 'नाही' असं उत्तर टाइप केलं होतं. मग खोडलं. कारण उत्तर माझ्या हॉस्टेलच्या जवळच पाटीवर लिहिलेलं होतं. फक्त ते सरळ 'हो' असं नाही. थोडं गुंतागुंतीचं आहे, आणि त्या गुंत्यासाठीच हा भाग केला.

आधी तिकडचं

हा शब्द कुठून आला ते बघू. पहिल्या महायुद्धात ब्रिटननं १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू केली. कायद्यात एक फट ठेवली होती: तुमच्या सद्सद्विवेकाला युद्ध पटत नसेल तर न्यायाधिकरणासमोर या आणि पटवून द्या. सुमारे सोळा हजार लोकांनी ही वाट धरली. काही धार्मिक कारणानं, आणि बरेच समाजवादी कारणानं. एका देशाच्या कामगारानं दुसऱ्या देशाच्या कामगाराला कशासाठी मारायचं, हा त्यांचा सवाल.

त्यातला एक माणूस आपल्याला जवळचा आहे. फेनर ब्रॉकवे. जन्म १८८८, कलकत्ता. मिशनरी घरातला. 'लेबर लीडर' नावाच्या समाजवादी पत्राचा तो संपादक. १९१४ मध्येच त्यानं सक्तीच्या भरतीविरोधात संघटना काढली, आणि ती सुचवली त्याच्या बायकोनं, लिलानं. पुढं एकूण अठ्ठावीस महिने तुरुंग. कैद्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम होता, यानं तो पाळायला नकार दिला, म्हणून शेवटचे आठ महिने एकांतवास. बाहेर आल्यावर खासदार झाला आणि १९३० मध्ये भारताच्या प्रश्नावर चर्चा मागताना हटून बसला म्हणून सभागृहातून निलंबित झाला. शंभरीला सहा महिने कमी असताना, १९८८ मध्ये गेला. जन्मभर समाजवादी.

ब्रॉकवेचं पुढं काय झालं ते मुद्दाम मागं ठेवतो. थोड्या वेळानं लागेल.

इकडं प्रश्नच वेगळा

दुसऱ्या महायुद्धात भारतात सक्तीची भरती नव्हतीच. पंचवीस लाख भारतीय फौजेत गेले ते कागदोपत्री स्वेच्छेनं; दुष्काळ, कर्ज आणि पगार यांना स्वेच्छा म्हणायचं असेल तर. म्हणजे इथं कोणी तुमच्या दारात येऊन 'चल लढायला' म्हणत नव्हतं. मग 'नाही' म्हणायचं तरी कोणाला?

गांधींनी यावर जी युक्ती काढली ती १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह. व्हाइसरॉयनं ३ सप्टेंबर १९३९ ला कोणालाही न विचारता भारत युद्धात आहे असं जाहीर करून टाकलं होतं. गांधींनी म्हटलं, निदान 'आम्हाला हे युद्ध मान्य नाही' असं बोलण्याचा तरी हक्क द्या. मिळाला नाही. मग एकेक निवडक माणूस जाहीरपणे उभा राहणार, आणि सांगणार की या युद्धाला माणसांनी किंवा पैशांनी मदत करणं चूक आहे, आणि पकडला जाणार. १७ ऑक्टोबर १९४० ला वर्ध्याजवळ पवनारला पहिले उभे राहिले विनोबा. दुसरे नेहरू, त्यांना चार वर्षांची शिक्षा लागली. १९४१ च्या मे महिन्यापर्यंत पंचवीस हजारांवर लोकांना शिक्षा झाल्या होत्या.

ब्रिटनमध्ये बंदूक नाकारली की गुन्हा. इथं वाक्य बोललं की गुन्हा. आपल्याकडचा कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर हा असा, वाक्य बोलणारा.

आता आपण राहतो तो भाग तर इंग्रजांच्या थेट राज्यातही नव्हता. नांदेड, लातूर (तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात), परभणी, बीड, औरंगाबाद, सगळं निजामाच्या हैदराबाद संस्थानात. आणि निजाम म्हणजे इंग्रजांचा साधासुधा मांडलिक नव्हे. पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल १९१८ मध्ये त्याला अधिकृत किताब मिळाला होता, 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त'. दुसऱ्या युद्धात ब्रिटिश हवाई दलाची १५२ नंबरची तुकडी 'हैदराबाद स्क्वाड्रन' म्हणूनच ओळखली जायची, कारण पैसा निजामाचा. तिच्या बिल्ल्यावर निजामाची दस्तार आहे आणि खाली ब्रीदवाक्य तेच, विश्वासू दोस्त. १९४० च्या उन्हाळ्यात आणि सप्टेंबरात ही स्पिटफायर विमानं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जर्मन विमानांशी लढत होती. १९४१ मध्ये एक अख्खी विनाशिका निघाली, नावच 'निझाम'. आणि डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी मलायावर हल्ला केला तेव्हा कोटा भारूच्या विमानतळावर हैदराबादची पायदळ पलटण पहाऱ्याला होती.

तो पैसा आला कुठून? आमच्याच शेतसाऱ्यातून. कंधार-बिलोली-उदगीरच्या कापसातून आणि ज्वारीतून. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. संस्थानचं उत्पन्न मुख्यतः जमिनीचं होतं, एवढंच.

म्हणून मराठवाड्यात या युद्धाला नाही म्हणणं म्हणजे एकाच वेळी दोन सरकारांना नाही म्हणणं. आणि बोलायला परवानगी तर आधीपासूनच नव्हती. 'गश्ती निशान ५३' नावाचं परिपत्रक होतं, त्यानुसार कुठलीही जाहीर सभा घ्यायला आधी परवानगी लागायची. मिळायची नाही, किंवा तारीख गेल्यावर मिळायची.

व्यंकटेश खेडगीकर

आता माणसाकडं येऊ. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, सिंदगी, म्हणजे आजच्या कर्नाटकातला भाग. नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. शिक्षण सोलापुरात. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले, तेव्हा हा पोरगा सोळा वर्षांचा. त्या दिवशी त्यानं शपथ घेतली की लग्न करायचं नाही, आयुष्य देशाला द्यायचं. सोळाव्या वर्षी शपथा सगळेच घेतात. यानं ती पाळली, बावन्न वर्षं.

पुढं पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून एम.ए., विषय लोकशाहीची वाढ. आणि मग जे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं: हा माणूस गेला ना. म. जोशींकडं. ना. म. जोशी म्हणजे भारतातल्या कामगार चळवळीचा पाया घालणाऱ्यांपैकी, आयटकच्या स्थापनेतलं मोठं नाव, मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीनं बोलणारे. त्यांचा सेक्रेटरी म्हणून खेडगीकरांनी काम केलं. गिरणी कामगार, पगार, तास, संप. पुढं संन्यास घेतलेल्या या माणसाची राजकीय शाळा मठात नाही, कामगार युनियनमध्ये झाली. जमीन कसणाऱ्याची, जहागिऱ्या रद्द करा, ही भाषा त्यांच्या तोंडात आली ती इथून.

मग १९२९ च्या सुमारास हिप्परगा. लोहारा तालुक्यातलं गाव. तिथं १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालू होती, निजामाच्या हद्दीत हे मोठं धाडस. तिथं ते शिक्षक आणि मुख्याध्यापक झाले. तिथंच १९३० मध्ये संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे आणि इतर सहकाऱ्यांबरोबर मोमिनाबादला, म्हणजे आपलं अंबाजोगाई, योगेश्वरी विद्यालयात. भगवी कफनी घालून मुलांना इंग्रजी आणि इतिहास शिकवणारा हेडमास्तर डोळ्यासमोर आणा. त्या शाळांतून निघालेली पोरं पुढं लढ्यात दिसतात. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याचा नकाशा काढला तर पोलीस ठाण्यांपेक्षा शाळा जास्त महत्त्वाच्या निघतील, असं माझं मत आहे.

१९३८ मध्ये शाळा सोडली. त्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होणार होती. सरकारनं ७ सप्टेंबर १९३८ ला, रीतसर स्थापना व्हायच्या आधीच, तिच्यावर बंदी घातली. जन्मायच्या आधी बंदी! २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला, पहिल्या तुकडीत गोविंदराव नानल, रावी नारायण रेड्डी. तीन दिवसांनी स्वामीजी. सगळे आत. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचाही वेगळा सत्याग्रह चालू होता. लोकांना फरक कळेना, सरकार म्हणायला मोकळं की हा सगळा जातीय दंगा आहे. गांधींच्या सल्ल्यानं डिसेंबरात स्टेट काँग्रेसनं आपला सत्याग्रह थांबवला. कार्यकर्त्यांना हे झोंबलं, अजून लोक या निर्णयावर भांडतात. मला तो बरोबर वाटतो. निजामाविरुद्धचा लढा हा मुसलमानांविरुद्धचा लढा होऊ नये, हे जपायचं असेल तर कुठंतरी थांबावं लागलंच असतं.

सप्टेंबर १९४०

सुटून आल्यावर स्वामीजी वाटाघाटीला बसले. सरकारचं म्हणणं, 'काँग्रेस' हा शब्द चालणार नाही, बाहेरच्या संघटनेशी नातं दिसतं. यांनी नावही बदलायची तयारी दाखवली: हैदराबाद नॅशनल कॉन्फरन्स. तरीही नाही. म्हणजे अडचण नावाची नव्हतीच.

तेव्हा, सप्टेंबर १९४० मध्ये, गांधींच्या संमतीनं स्वामीजींनी वैयक्तिक सत्याग्रह केला. बरोबर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच सहकारी. ताबडतोब अटक.

इथं तारखांकडं बघा. विनोबा पवनारला उभे राहिले ते ऑक्टोबरच्या मध्यावर. देशातले 'पहिले सत्याग्रही' विनोबा, हे आपण शाळेत पाठ केलंय आणि ते ब्रिटिश हिंदुस्थानापुरतं बरोबरच आहे. पण निजामाच्या राज्यात एक संन्यासी त्याच्या आधी आत जाऊन बसला होता. कामाच्या सवयीनं मी दोन लॉग शेजारी-शेजारी ठेवून बघतो तसं बघितलं आणि दोनदा तपासलं.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हा सत्याग्रह आणि पवनारचा सत्याग्रह तंतोतंत एक नाही. पवनारला मुद्दा युद्धाचा. हैदराबादला पहिला मुद्दा संघटना करण्याच्या आणि बोलण्याच्या हक्काचा, बंदी उठवा. म्हणून त्या मेलला मी थेट 'हो' लिहिलं नाही. मात्र युद्ध नसतं तर हे असं झालं असतं का? बंदी टिकवण्याची निजामाची ताकद, दिल्लीचं त्याच्याकडं डोळेझाक करणं, हे सगळं त्या स्पिटफायरच्या चेकवर चालू होतं. युद्धाला पैसे देणारं सरकार आणि तोंड दाबणारं सरकार एकच. एकाला नाही म्हटलं की दुसऱ्याला म्हटल्यासारखंच.

आणि १९४२ ला तर कसलीच संदिग्धता उरली नाही. जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला, आणि भारतातल्या कम्युनिस्टांनी काही महिन्यांत भूमिका बदलली: आता हे साम्राज्यवादी युद्ध नाही, लोकयुद्ध आहे, इंग्रजांना मदत करा. आपल्याकडं याची किंमत मोठी होती. स्टेट काँग्रेसमधली बरीच तरुण डावी मंडळी, औरंगाबादचे व्ही. डी. देशपांडे, तेलंगणातले रावी नारायण रेड्डी, त्या बाजूला. कालपर्यंत एकाच बराकीत बसलेले लोक. स्वामीजींचा स्वतःचा ओढा डावा, वाचन डावं, मित्र डावे. पण या एका प्रश्नावर ते हलले नाहीत. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या 'चले जाव' अधिवेशनाला गेले, परत हैदराबादला उतरले आणि पुन्हा पकडले गेले.

फॅसिझमविरुद्धच्या युद्धाला विरोध करणं बरोबर होतं का, असं कोणी आज विचारलं तर मला उत्तर देताना अडखळायला होतं. हिटलर हरायलाच हवा होता. पण ज्याच्या गावात सभा घ्यायला गश्ती त्रेपन्नची परवानगी लागते, त्याला 'जगाच्या स्वातंत्र्यासाठी वर्गणी दे' म्हणून सांगणं, हेही बघा ना.

बंदुका

आता अवघड भाग. ज्या माणसाला मी इथं युद्ध नाकारणारा म्हणतोय, त्याच्याच अध्यक्षतेखालच्या संघटनेनं १९४७-४८ मध्ये सशस्त्र लढा चालवला.

स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली जुलै १९४६ मध्ये. पण राज्यातली हवा बदलत चालली होती. लातूरला वकिली करणारा कासिम रझवी रझाकारांचा म्होरक्या झाला. २९ ऑक्टोबर १९४६ ला बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्याची हत्या झाली. अर्जापूरला आज त्यांच्या नावाचं कॉलेज आहे; आमच्या बॅचमधली दोन पोरं तिथं अकरावी-बारावी करून आलेली, त्यांनाही पानसरे कोण ते ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, म्हणून हसत नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरच्या शेवटी जैसे-थे करार झाला तेव्हा सुटका. २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा अटक. मधले दोन महिनेही नाहीत.

तोवर संस्थानाच्या सीमेवर कँप उभे राहिले होते. उमरखेड, वाशीम, पंढरपूर, बार्शी, मनमाड, चांदा. कृती समितीचे प्रमुख भोकरचे दिगंबरराव बिंदू. आपल्या नांदेड भागाचं दार म्हणजे उमरखेड; पैनगंगा ओलांडली की भारत. या कँपांतून तरुण आत येऊन नाकी, चावड्या, पोलीस चौक्यांवर हल्ले करायचे. शस्त्रांना पैसा लागतो. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत बँक लुटली गेली. लाखोंची रक्कम, आणि तिचा हिशेब चोख ठेवला गेला हे जुने लोक आवर्जून सांगतात.

तारीख परत वाचा. ३० जानेवारी १९४८. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधींना गोळ्या घातल्या. आणि स्वामीजी चार दिवसांपूर्वीच आत गेलेले. एकीकडं ज्यांच्या परवानगीनं १९४० चा सत्याग्रह केला ते गांधी गेले, दुसरीकडं त्याच दिवशी आपल्या संघटनेच्या पोरांनी बंदुका घेऊन बँक लुटली, आणि आपण कोठडीत. पुढं आपल्या इंग्रजी आठवणींच्या पुस्तकात स्वामीजींनी सशस्त्र प्रतिकार झाकून ठेवलेला नाही, तो आमचा नव्हता असंही म्हटलेलं नाही.

इथं मला ब्रॉकवे आठवतो. तो जगभरातल्या युद्धविरोधकांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. १९३६ मध्ये स्पेनमध्ये फ्रँकोनं बंड केलं, आणि समोर मरणारे कामगार त्याचे सोबती होते. त्याला कळलं की या लढाईत आपण तटस्थ नाही आहोत. संपूर्ण शांततावाद त्यानं सोडून दिला. आणि तरीही दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवा नाकारणाऱ्यांना सल्ला-मदत देणाऱ्या मध्यवर्ती मंडळाचं अध्यक्षपद सांभाळलं. स्वतःला जे आता पूर्ण पटत नाही ते नाकारण्याचा दुसऱ्याचा हक्क सांभाळत बसला. दोघांची भेट झाली असेल-नसेल, पण १९४८ चे स्वामीजी मला या माणसाच्या शेजारी बसलेले दिसतात. राजाच्या युद्धाला नाही म्हणणं एक. गावावर चालून आलेल्याला अडवणं दुसरं. हा फरक कागदावर सोपा दिसतो. उमरखेडच्या कँपात रात्री किती सोपा असेल?

कारण बंदूक एकदा आली की ती कोणावर रोखली जाईल हे कँपचा प्रमुख ठरवत नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, भारतीय फौजेची कारवाई, निजाम शरण. स्वामीजी सुटले. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात आणि आजूबाजूला मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं, ज्यात काझी अब्दुल गफार होते, अत्यंत सावध अंदाज म्हणून सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा आकडा लिहिला. सगळ्यात वाईट परिस्थिती असलेले चार जिल्हे म्हणून तिनं नावं दिली: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. म्हणजे आजचं लातूर धरून आपलाच पट्टा. अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो आणि करायलाच हवं. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे, पानसरे खरे. पण त्याच महिन्यात याच गावांत विहिरी कशानं भरल्या, हे नांदेडमध्ये वाढलेल्या माझ्या मुसलमान मित्राला माहीत होतं आणि मला नव्हतं. एकाच हॉस्टेलमध्ये, एकाच मेसमध्ये जेवून. १९३८ मध्ये सत्याग्रह थांबवताना जी भीती होती, ती दहा वर्षांनी अशी समोर आली.

नंतर

नंतरचं थोडक्यात सांगतो, कारण विजयानंतरची भांडणं कंटाळवाणी असतात. स्टेट काँग्रेसमध्ये दोन गट: स्वामीजींचा आणि बुर्गुल रामकृष्ण रावांचा. जमिनीचा प्रश्न हा त्यातला मोठा वाद. जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला. स्वामीजींच्या डाव्या सहकाऱ्यांतले गोविंदभाई श्रॉफ वगैरे काँग्रेस सोडून गेले. स्वामीजी आतच राहिले. मंत्रिपद घेतलं नाही. १९५२ ला गुलबर्ग्यातून आणि १९५७ ला औरंगाबादेतून खासदार.

एका गोष्टीसाठी मात्र थांबतो. हैदराबाद संस्थान तसंच अखंड ठेवायचं की भाषेप्रमाणं तोडायचं? ज्याचं सगळं नेतृत्व या एका संस्थानात घडलं, त्याला ते अखंड ठेवण्यात फायदा. स्वामीजी तोडण्याच्या बाजूनं होते: मराठवाडा महाराष्ट्राला, तेलंगणा आंध्राला, कन्नड जिल्हे कर्नाटकाला. १ नोव्हेंबर १९५६ ला ते भाषेप्रमाणं तुटलं. त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या राजकारणाखालची जमीन तीन राज्यांत वाटली गेली. त्यानंतर ते कोणत्याच राज्याचे मोठे नेते उरले नाहीत.

ज्या तेलंगणात १९५१ मध्ये पोचमपल्लीला विनोबांना पहिली भूदानाची जमीन मिळाली, तिथंच आज स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाची ग्रामीण संस्था आहे, पोरांना हातातलं काम शिकवणारी. नरसिंह राव त्यांना गुरू मानायचे. तेही चांद्याच्या कँपातले. स्वामीजी २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत गेले. समाधी बेगमपेटला. आमच्या कंपनीचं ऑफिस हैदराबादेत आहे, मी महिन्यातून दोनदा बेगमपेटवरून जातो. आजवर ट्रॅफिकला शिव्या देत गेलो.

विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची, तारीख मुद्दाम निवडलेली.

तर श्रोतेहो, ज्या दादांनी मेल केला होता त्यांना हे माझं उत्तर. आणि बाकीच्यांना एक काम. उमरखेड, वाशीम, बार्शी, पंढरपूर यांपैकी कुठल्या कँपात तुमच्या घरातलं कोणी होतं का? किंवा सप्टेंबर ४८ मध्ये गाव सोडून गेलेलं, परत आलेलं, न आलेलं कोणी? आजी-आजोबांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा, क्वालिटीची काळजी करू नका, मागं कुकरची शिट्टी वाजली तरी चालेल. मराठी, उर्दू, तेलुगू, दखनी, काहीही. पुढचा भाग उमरीवर आहे, आणि माझ्याकडं सध्या फक्त पुस्तकं आहेत.